समुद्रापलीकडचे मेव्हणे

मला भाऊ नाही, त्यामुळे माझ्या नवऱ्याला मेव्हणा नाही. मी एका परक्या माणसाचं उठता-बसता कौतुक सांगायला लागले, तेव्हा नवऱ्याने त्यालाच मेव्हणा करून टाकलं. नवऱ्याचं केस कापायचं दुकान आहे. दिवसभर गिऱ्हाइकांची थट्टा करून त्याची जीभ चांगलीच सैल झालेली असते. मी कामावरून आले की चपला काढायच्या आत प्रश्न यायचा, "काय म्हणतात आमचे मेव्हणे?" मेव्हणे राहायचे समुद्रापलीकडे, दुसऱ्याच देशात. त्यांचं नाव मला माहीत नव्हतं, आवाज कधी ऐकला नव्हता, आणि त्यांनी तर मला कधी पाहिलंसुद्धा नव्हतं.

काम आधी समजावून सांगते, नाहीतर पुढचं सगळं हवेत राहील. पूर्वी मी आमच्याच बंदरात गाडी चालवायचे. बोटीतून उतरलेला कंटेनर पाठीवर घ्यायचा आणि आवारात नेऊन ठेवायचा. केबिन उंच, चढायला लोखंडी शिडी. उतरताना तोंड केबिनकडे करून डावा पाय आधी खाली टाकायचा, ही सवय हाडात मुरलेली. मग आमच्या बंदरातल्या गाड्या आपोआप चालायला लागल्या आणि आम्ही सगळे घरी बसलो. काही महिन्यांनी बंदरासमोरच्या इमारतीत एका कंपनीने खोली उघडली. खोलीला खिडकी नाही. खुर्च्यांच्या रांगा, प्रत्येक खुर्चीपुढे पडदे, स्टिअरिंग, पायाशी ब्रेक. इथे बसून समुद्रापलीकडच्या बंदरातली गाडी हाकायची.

तिकडच्या माणसांपेक्षा आम्ही स्वस्त पडतो, हे कुणी लपवूनही ठेवलं नाही. जिना चढताना जाळीतून आमचं जुनं बंदर दिसायचं. तिथे माझी गाडी रिकामीच फिरत असायची आणि मी वर जाऊन दुसऱ्याची गाडी चालवायचे. याला काय म्हणायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

नियम एकच, पण कडक. खुर्चीच्या गादीला वजन कळायचं. उठायचं असेल तर आधी बटण दाबायचं, दुसऱ्या कुणी गाडी ताब्यात घेतली की हिरवा दिवा लागायचा, मग उठायचं. तसं न करता उठलं तर तिकडे गाडी जागच्या जागी थांबायची आणि तिच्यामागची अख्खी रांग बंद पडायची. रांग बंद म्हणजे बोट खोळंबली. पहिल्याच दिवशी साहेबांनी बजावलं, "ताई, आग लागली तरी चालेल, पण बटण दाबल्याशिवाय उठायचं नाही." साहेब माझ्यापेक्षा बरेच लहान. स्वभावाने गरीब, पण वरच्यांचं नाव निघालं की पाचावर धारण बसायची त्यांची.

माझी पाळी दुपारी सुरू व्हायची. तेव्हा तिकडे उजाडत असायचं. जेवून तोंड पुसत खुर्चीत बसायचं आणि समोर दुसऱ्याच देशातला सूर्य वर येताना बघायचा. मेव्हणे त्या उन्हात उभे असायचे. कंटेनरच्या कोपऱ्यांतले लोखंडी खटके काढायचं त्यांचं काम. हेल्मेटखाली करड्या लोकरीची टोपी, ती उन्हाळ्यातही कधी उतरली नाही.

आमची ओळख भांडणानेच झाली म्हणा ना. सुरुवातीच्या दिवसांत मी वळण फार जवळून घेतलं आणि मागचं चाक कट्ट्यावर चढलं. ते ताडताड चालत कॅमेऱ्यासमोर आले. बोट गाडीकडे केलं, मग स्वतःच्या छातीकडे, हवेत स्टिअरिंग फिरवलं आणि हातावरचं पीठ झटकावं तसे दोन्ही तळवे झटकले. ही गाडी मी चालवायचो, गेली. मला कळायला वेळ लागला नाही, कारण तसेच तळवे मीही घरी येऊन झटकले होते. चोरी पकडल्यासारखी मी त्या खुर्चीत बसून राहिले. पण ते चिडून निघून गेले नाहीत. दोन पावलं मागे सरले आणि हाताने दाखवत राहिले, असं ये, अजून बाहेरून, अजून, हां. ज्याच्या पोटावर मी पाय दिला होता, तो मला वळण दाखवत होता.

मला बोलायची सोय नव्हती. माझ्या हातात होते फक्त गाडीचे दिवे. मी त्यांची दोनदा उघडझाप केली. त्यांनी टोपीला हात लावला. तेव्हापासून रोजचा रिवाजच पडला, ते टोपीला हात लावणार आणि मी दिवे लावणार. वरून एकदा विचारणा आली की या गाडीचे दिवे दिवसाउजेडी का लागतात. साहेबांनी वायरिंगवर ढकललं. त्या दिवसापासून मी साहेबांना कधी उलटून बोलले नाही.

ज्या दिवशी ते घडलं, त्या दिवशी मेव्हण्यांनी टोपीला हात लावला नाही. माझ्या गाडीचे खटके काढले आणि गाडीसमोर थोड्या अंतरावर खाली बसले. मला वाटलं, बूट बांधतायत. मग त्यांनी एका हाताने दुसरा दंड घट्ट धरला आणि कॅमेऱ्याकडे पाहिलं. म्हणजे माझ्याकडेच पाहिलं. आणि तसेच कुशीवर कलंडले. हेल्मेट घरंगळत गेलं, टोपी निघून बाजूला पडली. डोक्यावर केस किती विरळ होते ते मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

मी मदतीचं बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं आली, 'आपली विनंती नोंदवली आहे.' पुन्हा दाबलं. 'आपली विनंती आधीच नोंदवलेली आहे.' भोंगा वाजवला, दिव्यांची उघडझाप केली, पण त्या आवारात भोंगे आणि दिवे दिवसभर चालूच असतात, कोण लक्ष देतंय. जवळपास एक चिटपाखरू नव्हतं. इतक्या मोठ्या बंदरात माणसं उरली होती कितीशी?

"साहेब, इकडे या! माणूस पडलाय!"

साहेब धावत आले. पडद्याकडे पाहून त्यांचाही चेहरा उतरला. "विनंती टाकली?"

"दोनदा टाकली. तिकडे फोन लावा ना."

"कुणाला लावू? तिथल्या कुणाचाच नंबर नाही हो माझ्याकडे. सगळं सिस्टीममधूनच जातं."

"मग आपल्या वरच्यांना लावा."

"लावतो, ताई, लावतो. तोपर्यंत तुम्ही वळसा घालून गाडी पुढे घ्या. मागे रांग लागलीय."

पुढचं मी ठरवून केलं असं सगळे समजतात. नवराही तसंच समजतो आणि दुकानात छाती फुगवून सांगतो. खरं सांगायचं तर मी मधला समुद्र विसरले. आपला माणूस खाली पडलाय आणि आपण वर केबिनमध्ये बसलोय, एवढंच मला कळत होतं. मी उठले, खुर्चीकडे तोंड केलं आणि डावा पाय शिडीवर टाकला. शिडी कुठली? पाय सपाट फरशीवर आपटला, तोल गेला आणि मी गुडघ्यावर पडले.

मान वर केली तर पडदा लाल झाला होता. तिकडे गाडी थांबली होती, मागची रांग थांबली होती, आणि कसलातरी भोंगा एकसारखा ओरडत होता. मग माणसं आली. कुठून आली कोण जाणे, पण धावत आली. एकाने चाकाखाली डोकावलं, एकाने गाडीच्या पोटाला हातातलं यंत्र लावलं. थांबलेल्या गाडीसाठी आले होते ते. पडलेल्या माणसासाठी कुणी आलं नव्हतं. त्यांच्यातल्या एका बाईचा पाय त्या घरंगळलेल्या हेल्मेटला लागला, तिने वळून पाहिलं आणि ती किंचाळली असावी. आवाज मला येत नव्हता, तोंड उघडलेलं दिसलं.

"ताई, बसा आता! दिसला तो त्यांना. बसा, रांग सुरू होऊ दे!"

मी बसणारच होते. पण रांग सुरू झाली की त्या रस्त्यावर दुसऱ्या वाहनाला बंदी, आणि रुग्णवाहिका यायची तर त्याच रस्त्याने. मी गुडघा चोळत उभी राहिले.

"नोकरी जाईल तुमची."

"जाऊ दे."

"माझीही जाईल हो, ताई."

त्यांच्या घरी म्हातारे आईवडील होते, मला माहीत होतं. ते स्वतः माझ्या खुर्चीत बसू शकले असते, गादीला काय, कुणाचंही वजन चालतं. त्यांनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. आणि हात तसाच ठेवून तेही माझ्याशेजारी उभे राहिले.

तिकडे ती बाई मेव्हण्यांच्या छातीवर दोन्ही हातांनी दाब देत होती. रुग्णवाहिका रिकाम्या रस्त्यावरून आली. त्यांना उचललं तेव्हा त्यांचा एक हात खाली लोंबत होता. बाईने टोपी उचलली, झटकली आणि त्यांच्या पोटावर ठेवली. रुग्णवाहिका गेली. मग मी खुर्चीत बसले, आणि लगेच सगळं पुन्हा चालू झालं.

घरी आले तेव्हा नवऱ्याने नेहमीचा प्रश्न विचारायला तोंड उघडलं, माझा गुडघा पाहिला आणि मिटलं. मी सांगत गेले, तो गरम पाण्याने गुडघा शेकत राहिला. सगळं ऐकून म्हणाला, "जगतील ना गं?"

"मला कोण सांगणार?"

आणि मी रडले. ज्याचं नाव माहीत नाही अशा माणसासाठी भोकाड पसरून रडले, आणि मला त्याची जराही लाज वाटली नाही.

चौकशी झाली. यंत्रणेत दोष नव्हता असं निघालं. मदतीची विनंती रीतसर नोंदली गेली होती आणि रीतसर रांगेत उभी होती. दोष होता माणसाने खुर्ची सोडण्यात. माणूस खुर्ची सोडू शकतो तोवर हे पुन्हा होणार, तेव्हा कंपनीने खुर्चीचीच गरज संपवली. तिकडच्या गाड्याही स्वतःच्या स्वतः चालायला लागल्या. खोलीतली स्टिअरिंग एका ट्रकमध्ये भरून नेली. बहुतेकांना निरोप मिळाला. मला मात्र ठेवून घेतलं, आणि त्यासाठी साहेब वरच्यांच्या किती हातापाया पडले असतील ते मी त्यांना विचारलं नाही.

आता काम असं. गाडी आपली आपण चालते, पण समोर काही आलं आणि तिला कळलं नाही की तिच्या कॅमेऱ्यातलं दृश्य माझ्या पडद्यावर येतं आणि खाली प्रश्न येतो, 'समोर काय आहे?' मग मी माणूस, जनावर, वस्तू, सावली यांपैकी एक बटण दाबायचं. आमच्या उत्तरांवरून गाड्या शिकतात, म्हणे. दिवे माझ्या हातात नाहीत.

नवऱ्याने थट्टा सोडली होती. मी घरी आले की नुसता बघायचा, मी नाही म्हणून मान हलवायचे, आणि तो ताट वाढायला घ्यायचा.

मग एका दुपारी ते आले. आधी टोपी दिसली. अंगावरचे कपडे ढगळ झाले होते, हातात लांब दांड्याचा झाडू होता, पावलं जपून पडत होती. पण आले होते. मी इतक्या मोठ्याने ओरडले की साहेब पुन्हा धावत आले.

"काय झालं, ताई?"

"मेव्हणे आले!"

साहेब बिचारे माझ्याकडे आणि दाराकडे बघत राहिले. नवऱ्याने तर दुसऱ्या दिवशी दुकानात येईल त्याला सांगितलं, आमचे मेव्हणे बरे झाले. कोण मेव्हणे, कसला आजार, कुणाला काही पत्ता नाही, पण लोकांनी आनंद मानला.

तो आनंद फार टिकला नाही. अधूनमधून एखाद्या गाडीच्या कॅमेऱ्यातून मला दिसायचं, मेव्हणे रस्त्याकडेला उभे राहायचे आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीला बघून टोपीला हात लावायचे. कुठल्या गाडीत मी आहे ते त्यांना कसं कळणार? गाडी निघून जायची. ते पुढच्या गाडीची वाट बघायचे. एकीचेही दिवे लागायचे नाहीत. मी इकडे खुर्चीत बसून उत्तरादाखल कपाळाला हात लावायचे, वेड्यासारखी.

नवऱ्याला सांगितलं तर त्याने हातातली भाकरी ताटात ठेवली. मग म्हणाला, "त्यांना वाटत असेल, तुला काढलं."

"एका अर्थी काढलंच की."

"तसं नव्हे गं. त्यांच्यापायी काढलं, असं वाटत असेल."

मी पाणी प्यायले आणि ताटावरून उठले.

पुढच्या आठवड्यात मेव्हणे झाडू बाजूला ठेवून रस्त्यात उतरले आणि सरळ एका गाडीपुढे येऊन उभे राहिले. गाडी थांबली. तिचा कॅमेरा माझ्या पडद्यावर उघडला. त्यांचा चेहरा इतका जवळ मी कधी पाहिला नव्हता. त्यांनी बोट गाडीकडे केलं. मग ते स्वतःच्या छातीकडे न नेता कॅमेऱ्याकडे केलं, माझ्याकडे. हवेत स्टिअरिंग फिरवलं. आणि अगदी सावकाश, दोन्ही तळवे झटकले. मग टोपी काढून हातात घेतली आणि उघड्या डोक्याने तसेच उभे राहिले.

खाली प्रश्न आला होता, 'समोर काय आहे?'

मी 'माणूस' हे बटण दाबलं. गाडी त्यांना वळसा घालून पुढे गेली.