दोरांवरची बुळबुळ

तिने पारदर्शक नळी दोरीने समुद्राच्या तळातून वर ओढली, खालच्या तोंडाला रबरी बूच दाबून बसवलं, आणि नळीतल्या चिखलाकडे न बघता आधी तराफ्याच्या कोपऱ्याकडे बघितलं. लेक सासऱ्यांच्या मांडीवर, गळ्यापर्यंत जाकिटात कोंबलेली, सुखरूप होती.

"बघ की आता," सासरे म्हणाले. "म्हणजे मला कामाला लागता येईल."

काम कोणतं, ते तिला ठाऊक होतं. त्यांच्या पायाशी सुरा आणि तारेचा ब्रश तयार होता. चिखल आजही काळा निघाला, तर पाण्यातली घाण टिपून तळ सुधारावा म्हणून माशांच्या पिंजऱ्यांमध्ये तिने सोडलेले शेवाळाचे आणि शिंपल्यांचे दोर कापून काढायचे, असं दोघांत ठरलं होतं.

जन्मभर त्यांनी पिंजरे आरशासारखे ठेवले होते. दोरांवरची बुळबुळ त्यांना बघवत नसे. पहिल्या खेपेला त्यांनी सुनेवरच्या मायेने सगळे दोर घासून लख्ख केले, आणि शेवाळाचा एकही कोंब धरला नाही. त्या बुळबुळीत जिवाणू राहतात, त्यांच्या आधारानेच शेवाळ रुजतं, हे तिने परोपरीने समजावलं. मग जेव्हा जेव्हा त्यांचा हात ब्रशकडे जाई, तेव्हा ती म्हणे, "राहू द्या, बाबा."

ते राहू देत. पण टोमणा मारल्याशिवाय नाही.

"समुद्रातले किडे पाळतेस आणि घरातले उकळतेस."

त्यात खोटं काही नव्हतं. बाटली, चमचा, खुळखुळा, काही म्हणून तिच्या पातेल्यातून सुटत नसे. एका रबरी बदकाचं तर उकळून उकळून तोंड वाकडं झालं होतं.

तिने नळी उजेडात धरली.

गेल्या वर्षी इथला चिखल डांबरासारखा होता. माशांचं उरलंसुरलं खाद्य कुजून त्यावर पांढरी साय धरलेली, आणि सडक्या अंड्यांचा वास. आता साय नव्हती. वरचा चार बोटांचा थर तपकिरी होता, ओल्या मातीसारखा, आणि त्यात बारीक बीळ करून एक लालसर किडा वळवळत होता.

तिने चिखल पसरट ट्रेमध्ये ओतला.

"बाबा, जरा वास घ्या."

लेकीला खाली ठेवून ते वाकले. एकदा हुंगलं, पुन्हा हुंगलं.

"वास गेला का माझं नाक गेलं?"

"वास गेला. तळापर्यंत हवा पोचतेय आता. तिथले जुने जिवाणू परत आलेत, आणि त्यांच्या मागोमाग हा पाहुणा."

ते किड्याकडे बघत राहिले. मग पायाने सुरा आणि ब्रश बाकाखाली सरकवले, उठले, आणि पलीकडच्या होडीतल्या माणसांना हाक दिली.

"दोर आहेत का रे अजून? त्या बाजूच्या पिंजऱ्यांनाही बांधायचेत. आणि घासून आणू नका. चांगले बुळबुळीत बघून आणा."

तिला हसू फुटलं. हसतच ती वळली, तर लेकीने ट्रेमध्ये मनगटापर्यंत हात घातला होता.

"अगं, पूस तिला," सासरे रुमाल ओला करत धावले. "केवढी माखलीय."

तिने जंतुनाशकाच्या बाटलीसाठी पिशवीची चेन आधीच उघडली होती. लेक आपली पाचही तपकिरी बोटं फाकवून उन्हात निरखत होती.

तिने चेन पुन्हा ओढून घेतली.

"राहू द्या, बाबा," ती म्हणाली, आणि लेकीशेजारी मांडी घालून बसली.