कतरीनचं कालवण

बस्त्यावने ताट हलकेच पुढे सारले आणि पेजेचा टोप आपल्याकडे ओढला.

"कालवण हाय," त्याची बायको कतरीन म्हणाली. तिचा आवाज आताशा इतका बारीक झाला होता की ऐकणाऱ्याला कान द्यावा लागे. "सुके बोंबील. कैरी घातलीय."

"उपासाचे दिवस हायत ना?"

"उपासाला मासळी चालते."

"मला नाय चालत."

तिला जास्त बोलायला लागू नये म्हणून तो मान खाली घालून पेज ओरपू लागला. चाळीस दिवसांच्या उपासाच्या पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, कपाळावर राख लावून घेतानाच त्याने नवस केला होता, की ईस्टरपर्यंत पेजेवाचून काही खाणार नाही, पण कतरीनच्या घशाखाली घास उतरू दे. मुंबईच्या इस्पितळात तिच्या घशातल्या गाठीला विजेचा शेक दिला, त्यात जिभेची चवही गेली आणि शेवटी डॉक्टरांनी हात टेकले. बस्त्याव वसईचा सुतार, तारापूरच्या वीजघराच्या बांधकामावर फळ्या ठोकायला आलेला. वाकडी फळी रंधा मारून सरळ करायची एवढे त्याला ठाऊक. इथे रंधा कुठे मारणार? मग त्याने उपास धरला. बिचारा दुसरे काय करणार होता!

सालवडच्या चाळीत त्यांच्या शेजारच्या खोलीत मैनाबाई राहायची. ती परभणीकडची, बोंबलाचा वास आला की नाकाला पदर लावणारी. बस्त्यावची ती थट्टाही करी.

"आमची शिवरात्र एका दिवसात उरकती भाऊ. तुमची काही सरतच नाही."

कतरीनच्या पोटात चमचाभर साखरपाणी जाई, तेही निम्मे बाहेर येई. तरी रोज ती चूल पेटवी, कालवण रांधी, ताट वाढून त्याच्यासमोर बसे. तो रोज ताट सारून देई. जितके जड जाई तितका नवस देवाला पोचतो आहे, असे त्याला वाटे. तिच्या तोंडाकडे मात्र तो बघत नसे.

गुड फ्रायडेच्या दुपारी तो क्रूसाच्या वाटेच्या प्रार्थनेला निघाला. पोटात काही नव्हते, ऊन मी म्हणत होते. अर्ध्या रस्त्यात डोळ्यांपुढे अंधारी आली, तसा तो परत फिरला.

खोलीचे दार उघडेच होते. आत मैनाबाई त्याच्या ताटावर बसून जेवत होती आणि तिच्या डोळ्यांना पाणी सुटले होते. समोर कतरीन. मैनाबाईने घास चावला की कतरीनचा जबडा हले, मैनाबाईने गिळला की हिच्या घशाची शीर वर-खाली होई. कतरीनच्या चेहऱ्यावर जेवल्याचे समाधान होते. ते त्याने किती दिवसांत पाहिले नव्हते.

मैनाबाई ओशाळून अर्धवट उठली.

"रागावू नका भाऊ. तुमी खाईनात म्हणून ती मलाच बोलावती रोज. म्हणती, तुमी खा, मला बघू द्या."

बस्त्याव उंबऱ्यातच थांबला. ईस्टर परवावर आला होता. आता ताटाला हात लावला तर नवस मोडणार, आणि तो मोडला म्हणजे हा घसा काही उघडत नाही, हे आपणच कबूल केल्यासारखे होणार. त्याला रडू फुटत होते, पण दोघींसमोर रडणार कसा? त्याने लोटाभर पाणी घेऊन हात धुतले.

"उठा मैनाबाई. ते ताट माझं हाय."

"आज?" कतरीन म्हणाली. "आज तर मोठा उपास."

"वाढ."

तिने वाढले. पहिला घास तोंडात गेला आणि त्याची जीभ पोळली. मीठ दोनदा पडले होते, कदाचित तीनदा. त्याने मैनाबाईकडे पाहिले. दाराशी उभी राहून ती घटाघट पाणी पीत होती. तिने त्याला मानेनेच नको म्हणून खुणावले.

कतरीन पुढे सरकली.

"मीठ बरोबर हाय?"

बस्त्यावने घास तिला दिसेल असा सावकाश चावला आणि गिळला. तिचा घसा हलला.

"बरोबर हाय," तो म्हणाला. "अजून वाढ."