प्रशिक्षक बदलावा की ठेवावा

सर खेळांच्या अर्थशास्त्राचे प्राध्यापक. जन्मात चेंडूला पाय लावला नाही, पण खेळाडूच्या पायाची किंमत किती, यावर त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ! त्यांचा गाजलेला सिद्धांत असा: संघ हरायला लागला की हंगामाच्या मध्येच प्रशिक्षक बदलावा, संघ जिंकतो, तिकिटं खपतात. या एकाच सिद्धांतावर सर पंधरा वर्षं परिषदा गाजवत होते. एका गाईने दूध तरी किती द्यावं!

त्यांची बायको त्याच विभागात शिकवायची, पण हंगामी. दरवर्षी नवं नेमणूकपत्र, दरवर्षी तीच धाकधूक. यंदा कायमची जागा निघाली होती. अट एकच, मोठ्या नियतकालिकात लेख हवा. तिने लेख पाठवला होता आणि उत्तराकडे डोळे लावून बसली होती. "होईल गं," सर म्हणायचे. लेख कशावर आहे, हे विचारायचं तेवढं राहून गेलं. माणूस कामात असतो हो.

अशातच त्या नियतकालिकाने एक लेख सरांकडे तपासायला धाडला. या धंद्यात लेखकाला परीक्षक कळू देत नाहीत आणि परीक्षकाला लेखक. डोळ्यांवर पट्टी बांधायची आणि समोरच्याला धुवायचं. लेखात म्हटलं होतं, की प्रशिक्षक बदलून काही होत नाही. तळाला गेलेला संघ जुन्या माणसाच्या हाताखालीही वर आलाच असता. म्हणजे थेट सरांच्या पोटावर पाय! त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. 'लेखकाला विषयाचा गंध नाही,' त्यांनी ठणकावून लिहिलं. 'निष्कर्ष साफ चुकीचा. लेख नाकारावा. लेखकाने आधी पुढील सहा लेख वाचावेत.' सहाच्या सहा सरांचेच. आणि आपलं नाव गुप्त राहील, याची त्यांना पक्की खात्री होती.

काही दिवसांनी बायको पडलेल्या चेहऱ्याने जेवायला बसली.

"लेख नाकारला."

"कोण गाढव परीक्षक मिळाला?" सर तावातावाने म्हणाले.

"वाचते, ऐक."

'विषयाचा गंध नाही' आलं आणि सरांनी हातातला घास ताटात परत ठेवला. मग तिने सहा लेखांची नावं वाचली, सावकाश, एकेक करून.

"सहाव्याची आकडेमोड मीच केली होती. आठवतंय?"

"अगं, मला काय ठाऊक तुझा लेख आहे!"

"तेच तर. तीन वर्षं याच टेबलावर मी प्रशिक्षकांबद्दल बोलतेय. तू 'हं' म्हणतोस."

"मी संपादकांना आत्ता कळवतो."

"काय कळवशील? माझा निष्कर्ष बरोबर आहे म्हणून?"

एका पारड्यात बायकोची नोकरी, दुसऱ्यात सिद्धांत. "तसं एकदम नाही म्हणता येणार," सर चाचरत म्हणाले. "काही दुरुस्त्या केल्यास तर..."

ती उठली. आतून बॅग भरल्याचा आवाज आला. सर धावत दारापाशी गेले.

"अगं, अशी मध्येच कुठे निघालीस?"

"माणूस बदलून काही फरक पडत नाही, असं मला वाटायचं. म्हणून तर इतकी वर्षं थांबले," ती चपला घालत म्हणाली. "पण तज्ज्ञांचं मत वेगळं आहे."

पंधरा वर्षांत पहिल्यांदाच सरांना आपला सिद्धांत खोटा निघावा असं मनापासून वाटलं.