तळघरातला सूर्य

तळघराच्या दाराशी चपलांचा ढीग गुडघ्यापर्यंत आला होता. आत शंभरेक माणसं अनवाणी उभी होती. मधल्या काळ्या फरशीवर पाय टेकायला रांग लागली होती. फरशी खरोखरच गरम होती, ते मी नाकारत नाही.

"पृथ्वीच्या पोटात सूर्य आहे!" अणुमहाराज सांगत होते. पूर्वी ते गाद्या विकत. आवाज तोच होता. "तिथे अणूला अणू मिळतो, तेज जन्मतं, आणि ते इथूनच वर येतं. तळपायातून थेट रक्तात! मग औषधं कशाला?"

माझ्या थोरल्या बहिणीने, ताईने, इन्शुलिन बंद केलं होतं. तिच्या पायाच्या अंगठ्याची जखम चिघळत चालली होती. मी तिला घरी न्यायला आलो होतो आणि बराच वेळ दारातच घुटमळत होतो.

"माझा भाऊ ग्रंथपाल होता," ताई ओरडली. "त्याला विचारा!"

सगळ्या माना वळल्या. महाराज हसले. "बोला काका, पृथ्वीच्या पोटात अणू जुळत असतील का?"

"तशी शक्यता काही थोड्या अभ्यासकांनी मांडली आहे," मी म्हणालो, "पण पुरावा नाही. सूर्याच्या पोटातली उष्णता इथे..."

"शक्यता आहे!" महाराज गरजले. माझं उरलेलं वाक्य टाळ्यांत बुडालं.

कुणीतरी मला कौतुकाने पुढे ओढलं. मी गोंधळलो आणि माझा धक्का लागून पिण्याच्या पाण्याचं पिंप कलंडलं.

"वाचून वाचून डोळे गेले वाटतं!" मागून आवाज आला.

मी खाली बसून रुमालाने फरशी पुसू लागलो. वर बघायची हिंमत नव्हती, म्हणून खालीच बघत राहिलो. ओल्या फरशीवर वीतभर रुंदीचा एक पट्टा सगळ्यांत आधी सुकत होता. तो काळ्या फरशीपासून निघून सरळ भिंतीपर्यंत गेला होता. भिंतीपलीकडे लाँड्री होती.

मला खात्री नव्हती. "ताई, हे जरा बघतेस?" एवढंच म्हणालो.

ताई लंगडत पट्ट्याच्या कडेने गेली आणि तिने भिंतीला कान लावला. पलीकडे बॉयलर घुरघुरत होता.

"अहो महाराज, तुमचा सूर्य चादरी धुतो की!"

"माई, तेज वाट्टेल तिथून..."

"वाट्टेल तिथून नाही, पाइपातून येतंय!"

लाँड्रीवाल्याला बोलावलं. त्याने महाराजांकडे न बघता फरशीखालच्या पाइपाचा व्हॉल्व्ह बंद केला. थोड्याच वेळात पृथ्वीच्या पोटातला सूर्य गार पडला.

ढिगात चपला शोधताना ताई माझ्यावरच उखडली. "बावळटा, आधी 'पुरावा नाही' म्हणावं, मग 'शक्यता'!"

तिचं बरोबर होतं. पृथ्वीच्या पोटात अणू खरंच जुळतात का, हे मी सांगू शकत नाही. मोजणारे मोजून सांगतील. पण जे अजून कुणालाच नीट कळलेलं नाही, त्याच्या नावावर कुणी औषध सोडायला सांगितलं, तर आधी पायाखालची फरशी तपासावी. त्यासाठी विद्वान असावं लागत नाही. तांब्याभर पाणी पुरतं.

घरी येऊन ताईने सुई टोचून घेतली.

"दुखलं का गं?"

"शक्यता आहे," ताई म्हणाली.