कोरा रकाना

"सिस्टर, हा रकाना भरू का कोराच ठेवू?" एका हातात नमुन्याची बाटली आणि दुसऱ्या हातात फॉर्म धरून वरचे मामा दवाखान्याच्या दारात उभे.

कारखान्यात वर्षातून एकदा नशेची तपासणी होते. मी इथली नर्स, बाटल्या गोळा करणं माझं काम. तारीख आठ दिवस आधी बोर्डावर लावतात, म्हणजे पिणाऱ्यांनी तेवढे दिवस पिऊ नये! साहेबलोकांना तर बाटलीच नाही. रकाना होता 'चालू असलेली औषधे' असा. तो आजवर कुणी भरलेला नव्हता.

"खरं ते लिहा," मी म्हणाले. "स्वतःहून सांगणाऱ्याला मदत करू, असं नियमातच छापलंय."

बावीस वर्षं नोकरी करून मी छापील कागदावर विश्वास ठेवला. काय माझी अक्कल!

मामा क्रेन चालवायचे. छताजवळच्या केबिनमध्ये बसायचे, म्हणून वरचे मामा. त्याच्या आदल्या वर्षी त्यांच्या क्रेनची साखळी तुटली आणि खाली उभा असलेला त्यांचा जोडीदार जागीच गेला. तेव्हापासून मामांची झोप उडाली, छातीत सारखी धडधड. डॉक्टरांनी रात्रीची एक गोळी दिली आणि माणूस सावरला. चिठ्ठीवर बघून मामांनी रकान्यात गोळीचं नाव एकेक अक्षर जुळवत लिहिलं.

दुसऱ्या दिवशी कामगार अधिकाऱ्यांनी मला बोलावलं. जेवणानंतर या साहेबांच्या तोंडाला पेपरमिंटचा वास येतो. पेपरमिंटच्या आड कसला वास असतो, ते शिपायालाही ठाऊक आहे.

"डोक्याची केस दिसतेय. क्रेनवरून उतरवा. झाडू द्या हातात."

"साहेब, डॉक्टरांची चिठ्ठी आहे. आपण मदत करणार होतो ना?"

"मग ही मदतच नाही का? घरी कुठं पाठवतोय?"

त्यांच्या मागे पोस्टर होतं, 'मन मोकळं करा, आम्ही ऐकतोय'. खाली फोन नंबर. तो फोन साहेबांच्याच टेबलावर असतो. थुंकावंसं वाटलं मला.

मामा झाडू मारायला लागले. जोडीदार जिथं पडला, ती जागाही रोज झाडायची.

"वर असलो की हाताला काम असतं, सिस्टर," एकदा म्हणाले. "इथं नुसतं बघत राहावं लागतं. मला परत वर जायचंय."

दोन महिन्यांनी त्यांनी पुन्हा तपासणी मागितली. या वेळी फॉर्मवरचा तो रकाना रिकामा.

"गोळी?"

"सोडली."

"अहो, डॉक्टरांना विचारलंत का?"

"साहेबांना विचारलं."

नमुना स्वच्छ निघाला. साहेबांनी सगळ्यांसमोर मामांची पाठ थोपटली. "बघा, मनात आणलं की सुटतं!" मूर्ख माणूस! आणि मी तिथंच उभी राहून टाळ्या वाजवल्या.

मामा वर गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी क्रेन मध्येच थांबली. त्यांनी ओझं हळूहळू जमिनीवर टेकवलं, शिडीवरून उतरले आणि थेट माझ्याकडे आले. डोळे जागरणानं लाल झाले होते. किल्ली टेबलावर ठेवायलाही त्यांना दोन्ही हात लागले.

"राहू दे, सिस्टर. खाली माणसं असतात."

"मामा, गोळी परत सुरू करा. मी साहेबांशी बोलते."

"तुम्ही मागेही चांगलंच सांगितलं होतं," ते म्हणाले. रागानं नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

संध्याकाळी साहेबांनी कागदावर लिहिलं, 'स्वखुशीने राजीनामा'. साक्षीदार म्हणून माझी सही घेतली. मी केली.

यंदा परत तपासणी झाली. माझाही फॉर्म असतो. चार महिन्यांपासून मलाही झोप लागत नाही, डॉक्टरांनी मामांचीच गोळी लिहून दिली आहे. मी फॉर्मवर नाव लिहिलं, तारीख टाकली, सही केली. रकाना कोरा सोडला आणि फॉर्म गठ्ठ्यात सगळ्यात खाली सरकवला.