मधुनाथांचा पिवळ्या टिळ्याचा उंदीर

पंच्याऐंशी सालची गोष्ट. मुलुंडच्या त्या मैदानात मुंगीला शिरायला जागा नव्हती आणि सगळ्यांच्या नजरा पिंजऱ्यातल्या एका पांढऱ्या उंदरावर खिळल्या होत्या.

"सायन्सवाले उंदरांवर प्रयोग करतात ना? आम्हीपण केला!" मधुनाथ महाराज माईकवर गरजले. "गेल्या गुरुवारी ह्याच्या मुताला मुंग्या लागल्या होत्या. भस्म चाटवलं, शुगर गायब! उंदीर तोच बरं का, डोक्यावर देवीने जन्मतःच दिलेला पिवळा टिळा बघा!"

जयजयकार झाला. गर्दीत उभ्या अनुपमाच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. उंदरांना मधुमेह जडवून त्यांच्यावर औषधं तपासायची, हे तिचं प्रयोगशाळेतलं रोजचं काम. ओळखू यावेत म्हणून त्यांच्या अंगाला पिक्रिक आम्लाचा पिवळा रंग लावत. डोक्यावर तसा रंग असलेला एक आजारी उंदीर नुकताच तिथून चोरीला गेला होता.

"दादा, कमळची सुई आजच्या आज सुरू कर," ती काशीरामला, थोरल्या भावाला, म्हणाली. भस्म आणल्यापासून त्याने लेकीचं इन्सुलिन बंद केलं होतं. कमळ घरी पाणी पाणी करत पडली होती.

"अगो, उंदीर बरो झालो, मगे माझा चेडू नाय होवचा?"

आता बोलण्यात अर्थ नव्हता. शेजारच्या माणसाची तंबाखूची डबी घेऊन अनुपमा मंचावर चढली आणि तिने चुन्याचं बोट पिंजऱ्याच्या गजांतून उंदराच्या टिळ्यावर घासलं. पिवळा टिळा लालभडक झाला.

"देवी कोपली!" महाराज ओरडले.

"कसली देवी? हळदीला चुना लागला की ती लाल होते, घराघरातल्या बायकांना विचारा. आमचा रंग असा लाल होत नाही. आजारी उंदीर ह्याने लपवला आणि धडधाकट उंदराला हळद फासली!"

महाराजांनी मागच्या कनातीतून पोबारा केला. काशीराम घराकडे धावत सुटला. कमळला धाप लागली होती, हाकेला ओ नव्हती. इस्पितळात डॉक्टरांनी शर्थ केली, पण पोर वाचली नाही. एका लबाडाच्या हळदीपायी हातातलं औषध बाजूला ठेवलं गेलं, याची चीड अनुपमाच्या मनातून कधीच गेली नाही.

महिनाभरात महाराज दहिसरला बसले. तिथेही रांग लागली. काशीराम रोज त्या रांगेपाशी जाई, शिव्या खाई आणि प्रत्येकापुढे हात जोडी.

"पयलो उंदीर खंय गेलो, तेवढा तरी इचारा. आणि पोराची सुई बंद करू नकात."