तीन कणसं

सुविधाच्या घरी गणपतीच्या बाजूला उभी राहून, हात जोडलेले तसेच ठेवून विनोदिनीने उजव्या करंगळीच्या नखाने मोराच्या पिसाऱ्याचं टोक हळूच खरवडलं. डोळे अर्धे मिटलेले, ओठ पुटपुटणारे. बघणाऱ्याला वाटावं, बाई किती मनापासून नमस्कार करतेय. टोक उचललं गेलं आणि खाली भिंतीचा पिवळा रंग दिसला. म्हणजे रंगवलेलं काही नव्हतं, स्टिकरच होता.

“काकी, पंचखाजां घेवा,” मागून सुविधा म्हणाली.

विनोदिनीने हात चटकन मागे घेतला आणि तोच प्रसादासाठी पुढे केला.

“भिंत बरी दिसता गो. खंयसून घेतलंस?”

“गौरेशाकडसून. तुमी घेतलास थंयसूनच.”

प्रश्न संपायच्या आत आलेल्या उत्तरावर विनोदिनीचा उभ्या जन्मात कधी विश्वास बसला नव्हता. मोर फार सुबक होते. मान वळवून गणपतीकडे बघणारे दोन मोर, मध्ये वेल. गौरेशने तिला दुकानात नमुने दाखवले होते, त्यांत हे मोर नव्हते.

“माका हे मोर दाखवले नाय त्येणी.”

“संपले आसतले,” असं म्हणून सुविधा पाणी आणायला आत गेली. पाणी कोणी मागितलं नव्हतं.

चवथीचा तिसरा दिवस होता, आणि या तीन दिवसांत विनोदिनी अकरा घरांच्या गणपतींना जाऊन आली होती. जायचंच असतं, चवथ म्हणजे येणं-जाणं. पण यंदा ती प्रत्येक घरात आधी भिंत बघत होती आणि मग देव. पूर्वी गणपतीमागची भिंत रंगवायला इब्रामपूरहून एक म्हातारे चितारी यायचे. वाड्यावरच्या साऱ्या भिंती त्यांच्याच हातच्या. गेल्या वर्षी त्यांचा हात थरथरू लागला आणि त्यांनी येणं बंद केलं. मग स्टिकर आले. आणि स्टिकर आले तसा प्रश्नही आला, की ते घ्यायचे कुठून.

बसस्टॉपजवळ पंचायतीच्या गाळ्यात अनिल आणि पूनम हे बेळगावकडचं जोडपं सहा वर्षांपासून दुकान चालवत होतं. अनिल गाड्यांच्या नंबरप्लेटांना रेडियम लावून द्यायचा. मोपाचा विमानतळ झाल्यापासून टॅक्सीवाल्यांची रांगच असे. पूनम भिंतीचे स्टिकर कापायची. गाळ्याची मुदत आता संपत आली होती, आणि विनोदिनीच्या बहिणीचा मुलगा गौरेश, ज्याचं झेरॉक्सचं खोपटं रस्त्यापलीकडे होतं, त्या गाळ्यावर डोळा ठेवून होता. श्रावणात महिला मंडळाची बैठक झाली. स्टिकर ऑनलाइन मागवायचे नाहीत, भायल्यांकडे, म्हणजे बाहेरून आलेल्यांकडे, जायचं नाही, गौरेशकडूनच घ्यायचे, गावचा पैसा गावात, असं ठरलं. ठरलं म्हणजे विनोदिनी बोलली आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. त्याच बैठकीत, गाळा गावच्याच माणसाला द्यावा, असा अर्ज लिहिला गेला. त्यावर पंधरा सह्या झाल्या. पहिली विनोदिनीची होती आणि ती तिने पूर्ण नावानिशी, वळणदार अक्षरात केली होती. चवथ सरल्यावर पंचायत त्यावर निर्णय घेणार होती.

तिला त्यात वावगं काही वाटलं नव्हतं. आपल्या माणसाला आपण नाही बघायचं तर कोणी? पण ठराव करणं वेगळं आणि बायकांनी तो पाळणं वेगळं, हे ती जाणून होती. म्हणून ती नखाने भिंती तपासत फिरत होती.

घरी आली तर सगुण, तिचा नवरा, पडवीत खुर्चीवर बसून दूर्वा निवडत होता. कदंबाची सरकारी बस तीस वर्षं चालवलेला माणूस, कशाची घाई म्हणून नाही.

“सापडलो चोर?”

“हसा तुमी. सुविधान पूनमीकडसूनच घेतलां. मोर सांगतत.”

“मोर बोलाक लागले? मग बरां आसा,” तो म्हणाला. “तुजा म्हंजे काखेत कळसो आनी गावाक वळसो. आपली भिंत बघलंस काय बारकायेन?”

तो गमतीने बोलला. पण विनोदिनीच्या मनात पाल चुकचुकली. आपली भिंत तिने खरंच नीट बघितली नव्हती. चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी गौरेश येऊन चिकटवून गेला, तेव्हा ती नेवऱ्यांच्या सारणात अडकलेली. नंतर गणपतीच्या वर फळांनी लगडलेली लाकडी चौकट, माटोळी, बांधली गेली, सुपाऱ्यांचे घड, कवंडळं, नारळाची पेंड, आंबाडे, आणि भिंत त्यांच्याआड गेली.

तिने चष्मा लावला आणि गणपतीच्या बाजूला स्टूल घेऊन त्यावर चढली. कमान होती, वेलींची. कमानीला फळं लटकलेली दाखवली होती, माटोळीत असतात तशीच. सुपारी ओळखू आली, कवंडळ ओळखू आलं. तिची नजर डाव्या टोकाशी आली आणि थांबली.

हळदीच्या पानात गुंडाळलेली भाताची तीन कणसं होती. पानाला तांबडा दोरा.

विनोदिनीने मान वर केली. खऱ्या माटोळीच्या डाव्या टोकाला, बरोबर त्याच जागी, तीच तीन कणसं तिने स्वतः बांधली होती. साऱ्या वाड्यात हे फक्त तिच्याच घरी होतं. सासूबाई सून म्हणून आल्या त्या वर्षी पुराने शेत कुजलं, शोधशोधून तीनच कणसं मिळाली, ती त्यांनी हळदीच्या पानात बांधून देवाला दाखवली. त्यानंतर शेत कितीही पिको, तीनच. चौथं कणीस बांधायची सासूबाईंची हिंमत झाली नाही आणि विनोदिनीचीही नाही.

“खाली उतर. पडशीत,” सगुण म्हणाला.

ती उतरली. बाजारात मिळणाऱ्या कागदावर आपल्या घरातली गोष्ट कशी? आपल्या माटोळीचा फोटो कुणी काढून विकला? घरात कोण कोण येऊन गेलं?

दुपारी गौरेश पातोळ्या खायला आला. दर वर्षी यायचा. तिने त्याच्या पानात चौथी पातोळी वाढली आणि सहज विचारावं तसं विचारलं,

“कमानीक ती फळां कोणी काढली रे?”

“डिझाइन तां, मावशे. कॉम्प्युटरात येता.”

“आनी डाव्या बाजूक काय आसा तां?”

गौरेशने चावता चावता भिंतीकडे बघितलं. “पालो कायतरी,” तो म्हणाला आणि गूळ-खोबरं बोटाने निपटू लागला.

लहानपणापासून हा मुलगा याच माटोळीखाली जेवत आला होता. एकदाही त्याने मान वर करून पाहिलं नव्हतं. मग ज्याने पाहिलं होतं तो कोण?

आणि तिला आठवलं. गेल्या चवथीला पूनम आली होती, पहिल्यांदाच, हातात पेरूंची पिशवी घेऊन. तेव्हा ठराव नव्हता, अर्ज नव्हता. ती माटोळीखाली उभी राहून लहान मुलीसारखी वर बघत राहिली आणि हे काय, ते काय, विचारत राहिली. विनोदिनीला बरं वाटलं होतं. सुनांना नसतो तेवढा रस या परक्या बाईला. तिने एकेक नाव सांगितलं होतं, कणसांची गोष्टही सांगितली होती.

गौरेश हात धुऊन गेला. विनोदिनीने साडी बदलली नाही. छत्री घेतली आणि बसस्टॉपकडे निघाली.

गाळ्याचं शटर अर्धं उघडं होतं. आत पूनम जमिनीवर बसून, कापलेल्या स्टिकरमधला नको तो भाग चिमट्याने काढत होती. भिंतीला लावलेल्या नमुन्यांत मान वळवलेले दोन मोर होते. विनोदिनीला जे हवं होतं ते मिळालं, आणि मिळाल्याचा आनंद काही झाला नाही.

“काकी! बसा की.” पूनम धडपडून उठली, स्टूल पदराने पुसलं. “भिंत बरी झालीय न्हवं?”

“खंयची भिंत?”

“तुमची ओ. गौरेशदादा म्हणाले, मावशीच्या घरचं काम हाय, नीट कर. त्यांचं सगळं हितनंच जातंय, पण हे म्हटलं आपण मनानं करूया. गेल्या साली तुम्ही नावं सांगितला होतासा, ती वहीत लिहून ठेवली होती मी. दोन दिवस बसून काढलं. कणसं डावीकडंच आल्यात न्हवं? तेवढंच भ्या होतं मला.”

सगळं हितनंच जातंय. विनोदिनीने ते वाक्य मनात पुन्हा एकदा म्हणून बघितलं. अकरा भिंती. म्हणजे सुविधा खोटं बोलली नव्हती. तिने गौरेशकडूनच घेतलं होतं, आणि साऱ्या वाड्याने गौरेशकडूनच घेतलं होतं, आणि साऱ्या वाड्याच्या गणपतीमागे ही बाई होती.

तरीही संशय मरता मरत नव्हता.

“ह्यां डिझाइन आनी कोणाकोणाक दिलंस?” तिने विचारलं.

पूनमला प्रश्नच कळला नाही असं वाटलं. मग ती हसली.

“नाही ओ काकी. तुमचं छापलं आणि मशीनमधनं पुसून टाकलं. तुमच्या सासूबाईंची कणसं ती. दुसऱ्याच्या भिंतीला कशी लावू?”

विनोदिनी स्टुलावर बसली. बसायचं नाही असं ठरवून आली होती.

पूनम पुन्हा खाली बसली, पण चिमटा तिने हातात घेतला नाही.

“काकी, एक विचारू? पंचायतीत आमच्या नावानं कसला तरी अर्ज गेलाय म्हणत्यात. गाळा काढून घ्या म्हणून. ह्यांनी चार ठिकाणी विचारलं, कोण सांगंना. तुमच्या सगळे ओळखीचे. कुणी दिलाय तेवढं बघशीला? आमचं काय चुकलं असंल तर जाऊन हात जोडून येतो.”

समोरच्या रस्त्याने डिचोलीची बस गेली. विनोदिनी ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली.

“बघतंय,” ती म्हणाली.

“लई उपकार होतील बघा.”

परत येताना तिला लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा जास्त राग येत होता. गौरेशचा आला, तोंडावर खोटं बोलला म्हणून. मग तो खोटं तरी कुठे बोलला, हे ध्यानात आलं. ‘माझ्याकडे मिळतं’ एवढंच तो म्हणाला होता. ते कोण करतं, हे तिने विचारलंच नव्हतं. साऱ्या गावाला ‘खंयसून घेतलंस’ विचारत फिरणाऱ्या बाईने, ज्याला विचारायचं त्याला तेवढं एक विचारलं नव्हतं. मग तिला पूनमचा राग आला, इतक्या सरळपणे बोलल्याबद्दल. तो राग मात्र घरापर्यंतही टिकला नाही.

संध्याकाळी आरतीला मंडळाच्या बायका आल्या. दर वर्षी चवथीच्या तिसऱ्या दिवशी विनोदिनीकडेच असे, आरती आणि मग फुगड्या. सुविधा आली, मंडळाची सेक्रेटरी संजना आली, खालच्या वाड्यावरची सुलोचना गुडघा धरत आली. सगुण समया लावत होता. बायका एकेक करून पुढे होऊन हात जोडत होत्या.

सुविधा पुढे झाली. डोळे अर्धे मिटलेले, ओठ पुटपुटणारे. तिच्या जोडलेल्या हातांतली उजवी करंगळी सुटली आणि नखाने कमानीची कड हळूच खरवडू लागली.

विनोदिनीने ते पाहिलं. आपण कशा दिसत होतो ते तिला कळलं.

“काकी, भिंत तुमची सगळ्यांत बरी हां,” सुविधा वळून, जरा मोठ्यानेच म्हणाली. “अशी फळां कोणाच्या भिंतीक नाय. गौरेशाकडसूनच मा?”

अर्जावर सह्या केलेल्या पंधराजणींतल्या नऊजणी त्या खोलीत होत्या.

“दुकान गौरेशाचां,” विनोदिनी म्हणाली. “केलां पूनमीन. तुमचे मोर पण तिणीच केले, आनी संजनाची कमळां पण.”

“कोण पूनम?” संजनाने विचारलं. अर्ज तिच्याच अक्षरात लिहिलेला होता.

“जिका गाळ्यातसून काढूक आमी सयो केल्यो, ती. पयली सय माजी.”

सुलोचना गुडघा चोळू लागली. कोणीतरी झांज उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. सुविधाने हात पदराखाली घेतला. सगुणने बायकोकडे बघितलं, काडी ओढली आणि कापूर पेटवला.

“सोमवारी पंचायत कितक्याक उघडता गो?” विनोदिनीने संजनाला विचारलं.

संजना भिंतीकडे बघत होती. “धा वाजता,” ती म्हणाली.

“मग साडेनवाक हंयसून निघूया. येवचां आसात त्येणी येवा.”

तिने आरतीचं ताट उचललं आणि आधी सुविधाच्या हातात दिलं.